तिसरा डबा

पेणच्या स्टँडमागच्या आपल्या वर्कशॉपात दिनानाथ सकाळचा दुसरा चहा पीत होता, तेव्हा फोनवर त्या यंत्राचा फोटो आला आणि त्याने कप खाली ठेवला. जुनी अवजारं घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या ग्रुपवर असले फोटो दिवसभर येत असतात. कुणाचा पॉवर टिलर, कुणाचा पंप, कुणाचं मळणी यंत्र, आणि सगळ्यांखाली तेच एक वाक्य की चालू हालतीत आहे. याही फोटोखाली तसंच होतं. मक्याचं पेरणी यंत्र, ट्रॅक्टरमागचं, तीन ओळींचं, रोहा. निळा रंग नुकताच मारलेला होता, आणि त्या रंगाखाली किती गंज दडपलाय ते दिनानाथच्या सरावलेल्या डोळ्यांना फोटोतही कळत होतं. पण तो गंज बघत नव्हता. त्याने दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला आणि मागची फळी बघितली. पेरणी चालू असताना डब्यातल्या बियांवर लक्ष ठेवायला जिच्यावर माणूस बसतं ती फळी. तिची उजवी कड उडालेली होती आणि तिथे पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. ती ठोकली तेव्हा तो, आठवीतला पोरगा, शेजारी उभा होता. मग त्या फळीवर त्याची आई बसली होती, पदर कमरेला खोचून, आणि यंत्रावर बसायला मिळालं म्हणून सगळ्या बायकांकडे बघून हसली होती.

त्याने चहा ओतून दिला. फोटोखालच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून बाबाजी बोलला, यंत्राचे मालक हैबतराव यांचा धाकटा मुलगा, जो आई त्या फळीवर बसली त्या वर्षी मामाकडे पुण्याला शिकायला होता आणि ज्याला दिनानाथचा आवाज ओळखायचं काही कारण नव्हतं. पेणहून वर्कशॉपवाला बोलतोय, एवढंच दिनानाथने सांगितलं. वडील आहेत का, हेही सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. आहेत, ओटीवर असतात, आता हिंडणंफिरणं नाही, असं बाबाजी म्हणाला. ते ऐकून दिनानाथला इतकं बरं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. म्हातारा मरून सुटला असता तर त्याला कधीच सहन झालं नसतं.

जेवायला घरी गेला तेव्हा आईला तो काही बोलला नाही. आई टीव्हीसमोर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. हौसाबाई आता थकली होती, पण हात अजून चालत होते. भाजी निवडायची, भाकरी थापायची, शेजारणीचं तान्हं न्हाऊ घालायची. एकच गोष्ट ती करत नसे. मागच्या आठवड्यात सरूने, त्याच्या बायकोने, गॅलरीतल्या कुंडीत धणे पेरायला काढले आणि आईंचा हात लागू दे म्हणून वाटी तिच्यापुढे धरली. म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले. तूच पेर गो, म्हणाली. सरूला वाटलं गुडघे दुखत असतील. दिनानाथला ठाऊक होतं, आणि त्या रात्री त्याला धड झोप लागली नव्हती. ज्या बाईच्या हातची बियांची टोकणी व्हावी म्हणून गावातले लोक आदल्या दिवशी घरी सांगून जात, ती धण्यांच्या वाटीला घाबरत होती. हे हैबतरावांनी केलं होतं. त्यांना याची शिक्षा म्हणून काहीच झालं नव्हतं. त्यांच्या घरावर दुसरा मजला चढला होता.

टेम्पो घेऊन तो निघाला. वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती आणि त्या कोंडीत बसल्याबसल्या त्याने सगळा बेत मनात पुन्हा एकदा फिरवून बघितला. तो यंत्र घ्यायला निघाला नव्हता. तो ते तपासायला निघाला होता. म्हाताऱ्यासमोर एकेक भाग हातात घेऊन तो कसा कुजलाय, कसा झिजलाय, ते मोठ्याने सांगणार होता, आणि शेवटी भंगारवालासुद्धा लाजेल असा भाव तोंडावर फेकून मग आपलं नाव सांगणार होता. हौसाचा मुलगा. बस, एवढंच. याहून मोठा सूड त्याला सुचला नव्हता, आणि इतकी वर्षं मनात घोळवून शेवटी एवढाच सुचावा याचा त्याला रागही येत होता. लहानपणी त्याने हैबतरावांचं खळं पेटवलं होतं, ट्रॅक्टर कुंडलिकेत ढकलला होता, सगळं अंथरुणात पडल्यापडल्या. प्रत्यक्षात त्याने फक्त यंत्रं दुरुस्त करायला शिकून घेतलं.

नागोठणं मागे टाकून गाडी रोह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी होऊन मोकळी पडलेली खाचरं होती, आणि तो वास खिडकीतून आत आला. ओल्या चिखलाचा आणि कापलेल्या धसकटांचा. याच वासात ते घडलं होतं. हैबतराव म्हणजे गावातलं मोठं खातं. कालव्याचं पाणी, गाई, ट्रॅक्टर. गाईंच्या चाऱ्यासाठी मका करायचा म्हणून त्यांनी हे यंत्र घाटावरून आणलं आणि पहिल्याच खेपेला मका असा रांगेत उगवला की आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला आली. मग त्यांना चेव आला. मार्गशीर्षात वालही यंत्रानेच पेरायचे असं त्यांनी ठरवलं. तोवर वाल लावायचे ते बायकांनी. भात निघालं की जमिनीत ओल आहे तोवर काठीने भोक पाडायचं, बी टाकायचं, टाचेने बुजवायचं. आणि त्याआधी रात्रभर बी भिजत घालायचं. सगळेच घालत. कोरडं बी मातीत टाकायचं हे कुणाच्या मनातही येत नसे. हैबतरावांनी सांगितलं आणि हौसाने नेहमीसारखे मोठ्या टोपात वाल भिजत घातले, सकाळी उपसले, डब्यांत भरले आणि फळीवर बसली. संध्याकाळपर्यंत सगळं बी संपलं. पंधरवड्याने शेतात बघावं तर इथे एक रोप, तिथे एक रोप, मध्ये नुसती माती. उकरून पाहिलं तर खाली बीही नाही. यंत्र चुकणं शक्य नव्हतं, मका साऱ्या गावाने बघितला होता. मग उरलं कोण? फळीवर बसलेली बाई. बी ओटीत भरून नेलं असणार, नवरा मेलेली आहे, पोरगं खायला मागतं, असं लोक आपसात बोलायला लागले आणि बोलता बोलता ते खरंच झालं.

आई रडली नाही, भांडली. देवाला कौल लावा म्हणाली. ती स्वतः म्हणाली, हे दिनानाथला आजही गिळवत नव्हतं. देवळात गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक कळी लावली. हैबतरावांनी गाऱ्हाणं घातलं. या बाईनं बी नेलं असलं तर डावी दे, नेलं नसलं तर उजवी दे. सगळं गाव कळ्यांकडे बघत उभं राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे, मग डावी कळी सुटली आणि खाली पडली. तिचा आवाजही झाला नाही. आईने देवाकडे बघितलं नाही. तिने आपल्या हातांकडे बघितलं. घरी आल्यावर तिने चूल पेटवली नाही. घरातली सगळी मडकी उपडी केली, गोधड्या झटकल्या, तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. ती वाल शोधत होती. देव म्हणतोय तर मीच नेलं असेल, नकळत नेलं असेल, असं म्हणत ती स्वतःच्या घराची झडती घेत होती, आणि दिनानाथ कोपऱ्यात उभा राहून बघत होता. चोर म्हणाले त्याचं त्याला तेवढं नव्हतं. पण त्या झडतीसाठी तो हैबतरावांना माफ करणार नव्हता.

पुढे दोघं पेणला आले. हमरापूरच्या कारखान्यात आईला गणपती घासायचं काम मिळालं. रंगाच्या आधी पॉलिश पेपर लावून मूर्ती गुळगुळीत करायची. वर्षानुवर्षं ती देवाच्या सोंडेवरून, पोटावरून, कानामागून हात फिरवत राहिली, नाकातोंडात पांढरी धूळ जात राहिली, आणि गावच्या देवळातल्या त्या एका काळ्या दगडाला घाबरत राहिली. दिनानाथने देवाला मानणं तेव्हाच सोडलं. निदान त्याचं असं म्हणणं होतं.

बाबाजीने यंत्र गोठ्यामागून अंगणात ओढून ठेवलं होतं आणि धुतलंही होतं. ओटीवर खाटेवर हैबतराव बसले होते, पायांवर शाल, हातात काठी. दिनानाथच्या आठवणीत ते दारात मावत नसत. आता शालीखाली माणूस आहे की उशी असं वाटावं इतके ते बारीक झाले होते. त्यांनी पाहुण्याकडे बघून मान हलवली, ओळखलं नाही. ठीक आहे, दिनानाथ मनात म्हणाला, थोडा दम काढा.

त्याने चाकापासून सुरुवात केली. ज्या चाकाच्या फिरण्यावर बी पडतं ते चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर ते खुळखुळलं. बेअरिंग गेलीय, तो मोठ्याने म्हणाला, ओटीवर ऐकू जाईल एवढ्याने. खताचा डबा युरियाने खाल्ला होता; त्याने अंगठा दाबला आणि निळ्या रंगासकट पत्रा आत गेला. बाबाजी ओशाळून हसला. फाळांची टोकं झिजून बोथट झाली होती. साखळी ताणून सैल. सांगाड्याला कोपऱ्यात वेल्डिंगचा जाड वण होता, त्यावर लेप लावून रंग फासला होता. दिनानाथने किल्लीने तो खरवडला आणि हे लपवायला नको होतं म्हणाला. बोलताना त्याला गोड वाटत होतं. एरवी जुनं यंत्र तपासताना तो गप्प असे, हात फिरवत असे, आणि शेवटी मालकाला समजेल अशा बेताने चार गोष्टी सांगत असे. आज तो एकेक दोष काढून अंगणात मांडत होता आणि दर वेळी ओटीकडे बघत होता. म्हातारा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, आणि त्यामुळे दिनानाथ आणखी चिडत होता.

मग त्याने बियांचे डबे उघडले. डब्याच्या तळाशी भोकं असलेली चकती असते. ती फिरते, एकेक भोकात एकेक दाणा घेते आणि खाली सोडते. पहिल्या दोन डब्यांच्या चकत्या साफ होत्या, त्यांना वंगणही होतं. दोन ओळी अगदी धड होत्या. तिसऱ्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं. दिनानाथने किल्ली लावली तशी बाबाजीने हात आडवा घातला. तो बंदच आहे, मक्याला दोनच ओळी चालवतो, म्हणाला, आणि मग सहज पुढे म्हणाला, आबा कधी तो उघडू देत नाहीत.

दिनानाथने ओटीकडे बघितलं. म्हातारा आता सरळ बसला होता. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. झाकणाखाली काहीतरी आहे हे दिनानाथला कळलं. त्याने बाबाजीचा हात बाजूला केला, तेल सोडलं, हातोडीचे ठोके दिले, आणि झाकण निघालं. चकती जागेवरून हलत नव्हती. भोकांत काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने पेचकस घालून चकती उचकटली. खाली, सगळ्या खोबणीत, पिवळट तपकिरी लगदा वाळून दगड झाला होता. त्याने नखाने खरवडला. सालीचे तुकडे निघाले, आणि एका सालीवर अजून तो पांढरा डोळा शाबूत होता, जो फक्त वालाला असतो.

त्याला सगळं एकदम समजलं, आणि इतकं सोपं होतं ते की त्याला ओरडावंसं वाटलं. मका कोरडा जातो. वाल भिजवलेले होते. फुगलेले, मऊ. चकतीच्या भोकात बसेनात, लोखंडाने त्यांना दाबलं, चिरडलं, आणि तो चेंदा मातीत पेरला गेला. मुंग्यांनी नेला, कुजला. बी संपलं आणि उगवलं नाही. आई फळीवर बसून डबे रिकामे होताना बघत होती, आणि खाली चाललेलं तिला दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं यंत्रं उघडणाऱ्या दिनानाथला हे कधीच सुचलं नव्हतं. आपणही मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात त्या कळीवर विश्वास ठेवला होता की काय, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो ढकलून दिला.

चकती हातात घेऊन तो ओटीवर चढला. बेत विसरला होता. चकती म्हाताऱ्याच्या शालीवर ठेवली आणि म्हणाला, "आबा, मी हौसाचा दिनानाथ."

हैबतरावांनी चकतीकडे बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "बस."

तो बसला नाही. बाबाजी खाली अंगणात यंत्राजवळच थांबला होता. म्हातारा हळूहळू बोलत होता, मध्येच दम खात होता. कौलानंतरच्या चैत्रात मका पेरायला डबे उघडले तेव्हाच त्याने हा चेंदा बघितला होता. दोन डबे आपल्या हाताने धुतले. तिसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. फेकून द्यावंसं वाटलं, तेही झालं नाही. तोवर तुम्ही गाव सोडून गेला होतात, म्हणाला. पेणला कुठे आहात ते माहीत होतं. एकदा हमरापूरपर्यंत आलोही होतो, म्हणाला, कारखान्याच्या दारातून बघितलं, ती मूर्ती घासत होती, अंगभर पांढरी झाली होती. तसाच परत फिरलो.

"का?" दिनानाथने विचारलं.

"द्येवाचा कौल झाला व्हता. मी बोल्लो असतो तर द्येव खोटा पडला असता." थांबून ते म्हणाले, "आन मी बी."

दिनानाथला त्या शेवटच्या तीन शब्दांची अपेक्षा नव्हती. म्हातारा नाही म्हणेल, उलटून बोलेल, हाकलून देईल, याची त्याने तयारी केली होती. हे नव्हतं चालणार. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चेहरा मोकळा होत चालला होता, एखादं गळू फुटल्यावर माणसाला बरं वाटावं तसा. दिनानाथच्या देखत, त्याच्याच हाताने, म्हाताऱ्याला बरं वाटत होतं.

"ज्यानं गाऱ्हानं घातलं त्यानंच उतरवायचं आसतं," हैबतराव म्हणाले. "दुसऱ्या कुनाचा नारळ चालत नाय. मला देवळात न्या उचलून. गावासमोर सांगतो. नायतर तिला जाऊन सांग, हैबतरावानं कबूल केलं म्हनून. माफी मागितली म्हनून सांग. येवढं कर. माझं आता फार दिस नाय रं."

हेच तर हवं होतं. अंथरुणात पडल्यापडल्या त्याने हेच मागितलं होतं. आणि आता ते समोर मांडून ठेवलं होतं आणि दिनानाथला ते घ्यायचं नव्हतं, कारण ते घेतलं की म्हातारा सुटत होता. आईला तो ओळखून होता. ऐकल्याबरोबर ती म्हणेल, जाऊंदे, म्हातारं मानूस. डोळे पुसेल आणि माफ करून टाकेल, आणि हा इथे शाल ओढून शांत झोपेल, आणि तसाच झोपेत जाईल. तिच्या त्या झडतीचं, धण्यांच्या वाटीपासून मागे घेतलेल्या हातांचं, हमरापूरच्या धुळीचं मोल एवढंच?

"नाय," तो म्हणाला. "तुमचा नारळ नको. माफी बी नको. तुम्ही बोललात ते मी ऐकलंच नाय असं समजा. हे घेऊनच जा वर."

म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता. दिनानाथने बोटं एकेक करून सोडवली, चकती उचलली, फडक्यात बांधली. अंगणात येऊन बाबाजीला सांगितलं की यंत्र भंगार आहे, दोन ओळीही चालायच्या नाहीत, आणि ग्रुपवर मी तसं टाकतो. धंद्यात तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता. गाडी वळवताना आरशात ओटी दिसली. म्हातारा खाटेवरून उठायची धडपड करत होता आणि बाबाजी त्याला धरायला धावत होता. दिनानाथला मनापासून आनंद झाला. नागोठण्यापर्यंत तो आनंद टिकला. वडखळला गाड्यांच्या रांगेत थांबला तेव्हाही तो अंगात होता, जरासा कमी झालेला. चकती शेजारच्या सीटवर होती. आईला पुरावाच दाखवायचा, त्याने ठरवलं. लोखंड खोटं बोलत नाही. म्हाताऱ्याची गरजच काय?

घरी सरू स्वयंपाकघरात होती. आई टीव्ही बंद करून खिडकीशी बसली होती. त्याने फडकं तिच्या मांडीवर सोडलं आणि कुठे गेलो होतो ते सांगितलं. तिने चकती हातात घेतली. लगद्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली.

"वाल हायेत," ती म्हणाली.

मग त्याने सगळं समजावलं. कोरडा मका, भिजवलेले वाल, चकतीची भोकं, चेंदा. शिकवणीतल्या पोराला समजावतात तसं दोनदा समजावलं. तू काही नेलं नव्हतंस, आये. यंत्रानं चिरडलं सगळं. हे बघ, हा डोळा बघ. ती बघत होती. तिचा चेहरा कधी नव्हे तो उघडा झाला होता, वय गळून गेल्यासारखा, आणि त्याला वाटलं, झालं, जमलं.

"हैबतरावांनी बघितलं ह्ये?" तिने विचारलं.

"बघितलं."

"काय म्हनले?"

वाक्य त्याच्या जिभेवर होतं. कबूल केलं, माफी मागितली, रडले. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं की त्याला खाटेवरचा म्हातारा दिसला, मोकळा, हलका, तिने सोडलेला. आजच्या आज सुटलेला.

"काय नाय," तो म्हणाला. "गप बसले."

आई चकतीकडे बघत राहिली. चेहरा हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा मिटला. तिने चकती फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि त्याच्यापुढे सारली.

"मंग काय उपेग," ती म्हणाली. "गाऱ्हानं त्यांनी घातलंन. त्ये तसंच ऱ्हायलं." आणि त्याला नाही, स्वतःलाच म्हणाली, "त्ये येकदा बोल्ले असते तर."

तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. सरूने आतून पानं घेतल्याचं सांगितलं. दिनानाथ उठला, हात धुतले, आईच्या शेजारी पानावर बसला आणि भातावर आमटी घेतली. अजूनही सांगता आलं असतं. ती शेजारीच बसली होती, घास चावत होती. तो सांगणार नव्हता.